बारा मालकांचं विद्यापीठ

सुवामध्ये सोमवारी सकाळी दहाचा तास सुरू होतो, तेव्हा रारोटोंगात रविवारचे दुपारचे बारा वाजलेले असतात. सुवा ही फिजीची राजधानी, रारोटोंगा हे कुक बेटांतलं मुख्य बेट. दोन्हीकडची मुलं एकाच विद्यापीठाची, कधी कधी एकाच विषयाचीही. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. त्यामुळे युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये वेळापत्रक लावणाऱ्याला घड्याळाइतकंच कॅलेंडरही सांभाळावं लागतं, आणि ते कॅलेंडरही कायमचं नसतं. 2011 च्या अखेरीस सामोआ आणि टोकेलाऊ यांनी व्यापाराच्या सोयीसाठी वाररेषेची बाजू बदलली. 30 डिसेंबर 2011 ही तारीख त्या बेटांवर उजाडलीच नाही. विद्यापीठाचं सामोआतलं आलाफुआ कॅम्पस तोवर सुवाच्या तेवीस तास मागे होतं, ते एक तास पुढे गेलं.

या विद्यापीठाचे मालक बारा आहेत: फिजी, सामोआ, टोंगा, सॉलोमन बेटं, वानुआतू, किरिबास, तुवालू, नाऊरू, मार्शल बेटं, कुक बेटं, नियुए आणि टोकेलाऊ. सुमारे 3 कोटी 30 लाख चौरस किलोमीटर समुद्रावर ही बेटं विखुरलेली आहेत. म्हणजे भारताच्या दहापट पसारा. त्यात जमीन किती? सगळ्यांची गोळा केली तरी आपल्या कोकण विभागाच्या जेमतेम दुप्पट. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या घरात, तर टोकेलाऊची दीड हजाराच्या आसपास. टोकेलाऊत विमानतळ नाही. सामोआतल्या आपियाहून बोटीने निघालं की एक अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त, पाण्यावर जातो. तरीही विद्यापीठाच्या कौन्सिलमध्ये टोकेलाऊची खुर्ची फिजीच्या शेजारीच मांडलेली असते. अनेक देशांनी मिळून चालवलेलं या घडणीचं दुसरं विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज. तेही बहुतांशी बेटांचंच.

गरिबीतून आलेली काटकसर हे या सामाईक मालकीमागचं सरळ कारण. एकट्याने विद्यापीठ चालवणं यांतल्या बहुतेकांना परवडलं नसतं. पण गेल्या सहा दशकांत या काटकसरीतून जे उभं राहिलं, ते सधन देशांच्या विद्यापीठांनाही सहज साधलेलं नाही, असं माझं मत आहे. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

राष्ट्रांच्या आधी

1968 मध्ये विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा या बारांपैकी स्वतंत्र देश दोनच होते: 1962 मध्ये स्वतंत्र झालेला सामोआ, आणि 1968 च्याच जानेवारीत स्वातंत्र्य मिळालेलं चिमुकलं नाऊरू. फिजी आणि टोंगा 1970 मध्ये ब्रिटिशांच्या छत्राखालून बाहेर पडले, तुवालू आणि सॉलोमन बेटं 1978 मध्ये, किरिबास 1979 मध्ये, वानुआतू 1980 मध्ये. म्हणजे आधी विद्यापीठ आलं आणि राष्ट्रं मागून आली. पुढे या देशांचं राज्य कोण चालवणार, शाळेत कोण शिकवणार, हिशेब कोण तपासणार, याची तयारी सुवाच्या वर्गांत आधीच सुरू झाली होती. देश वेगळे होत गेले तेव्हा विद्यापीठाचीही वाटणी होणं सोपं होतं. ती झाली नाही. उलट 1991 मध्ये मार्शल बेटं नव्याने येऊन मिळाली.

जागाही योगायोगाने मिळाली. सुवाच्या लौथाला उपसागराच्या काठी न्यूझीलंडच्या हवाई दलाचा तळ होता. पाण्यावर उतरणारी, पाण्यावरूनच उडणारी विमानं तिथे असत. आधी कॅटलिना, नंतर अवाढव्य संडरलँड. बेपत्ता बोटी शोधायच्या, दूरच्या बेटावरच्या अडलेल्या रोग्याला इस्पितळात आणायचं, ही त्यांची शांतताकाळातली कामं. 1967 मध्ये हवाई दल निघून गेलं आणि तळ विद्यापीठाला मिळाला. बेटांना जोडणारी जागा बेटांना जोडणाऱ्याच कामाला लागली, हे मला फार सुरेख वाटतं.

पहिले कुलगुरू कॉलिन एकमन न्यूझीलंडचे कायदेपंडित. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा न्यूझीलंडच्या शिष्टमंडळात ते होते. सामोआच्या राज्यघटनेच्या कामातही होते. पुढे ते न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीतही राहून गेले. कायद्याच्या माणसाने सुरू केलेलं विद्यापीठ कायद्याच्याच वाटेने जगापुढे आलं. त्याकडे शेवटी येऊच.

बटण दाबा, बोला, सोडा, ऐका

इमारती सुवात, विद्यार्थी मात्र हजारो किलोमीटरवर. सगळ्यांना सुवाला आणणं शक्य नव्हतं. नोकरी करणारी शिक्षिका, लेकरं सांभाळणारी आई, बंदरावर कारकुनी करणारा तरुण, यांना बेट सोडून येणं जमणार नव्हतं. मग धडे छापून टपालाने पाठवायचे. टपाल बोटीने जाणार, बोट हवामान बघून निघणार. विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर मिळेस्तोवर सत्राचा बराच भाग उलटून जाई.

इथे अमेरिकेच्या नासाचा एक जुना उपग्रह कामी आला. एटीएस-1 हा डिसेंबर 1966 मध्ये प्रयोगासाठी सोडलेला उपग्रह. प्रयोग आटोपल्यावरही तो पॅसिफिकच्या माथ्यावर चालूच होता. हवाई विद्यापीठाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यावर बेटांसाठी एक जाळं उभं केलं, आणि सुवाच्या विद्यापीठाने लगेच त्याचा फायदा उचलला. सुवातल्या प्राध्यापकाने बटण दाबून बोलायचं. बटण सोडलं की तारावा, होनियारा, नुकुआलोफा अशा बेटांच्या राजधान्यांमधल्या मुलांपैकी कुणी तरी बोलणार. एका वेळी एकच आवाज. कुणी मध्ये बोललं की दोघांचंही ऐकू येत नसे, त्यामुळे बेटांची नावं पुकारून पाळी द्यावी लागे.

आज घरबसल्या शिक्षणाचं आपल्याला अप्रूप उरलेलं नाही. पण 1970 च्या दशकात, ज्या बेटांवर पक्के रस्तेही धड नव्हते तिथे, उपग्रहावरून शिकवणी चालत होती. 1985 मध्ये एटीएस-1 निकामी झाला तेव्हा विद्यापीठाचा मोठा आधार गेला, आणि पुन्हा टपाल नि रेडिओवर मदार आली. स्वतःचं उपग्रह-जाळं नीट उभं राहायला 2000 साल उजाडलं. त्याला जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने पैसा दिला. नंतर समुद्राखालून केबल आल्या, पण केबललाही भरवसा नाही. 15 जानेवारी 2022 रोजी हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला, टोंगाची केबल तुटली, आणि ती जोडायला पाच आठवडे लागले. त्या काळात टोंगातल्या विद्यार्थ्याला सुवा पुन्हा एटीएस-1 च्या आधीइतकंच दूर झालं.

हाऊओफांनी मागे घेतलेला धडा

एपेली हाऊओफा यांचा जन्म 1939 चा, पापुआतला. आईवडील टोंगाचे, मिशनरी. हाऊओफा मानववंशशास्त्र शिकले, टोंगाच्या राजवाड्यातली दप्तरं सांभाळली, 1983 मध्ये ‘टेल्स ऑफ द टिकाँग्ज’ हा विकासाच्या नावाने चालणाऱ्या कारभाराची खिल्ली उडवणारा कथासंग्रह लिहिला, आणि सुवाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वर्गात ते तेव्हाच्या अभ्यासकांचंच म्हणणं शिकवत. बेटं लहान आहेत, साधनं नाहीत, बाजारपेठा दूर आहेत; परदेशी गेलेल्यांनी पाठवलेला पैसा, मदतीचा पैसा आणि सरकारी नोकऱ्या एवढ्यावरच ही अर्थव्यवस्था चालते आणि पुढेही तशीच चालणार. अर्थशास्त्रज्ञांनी या मांडणीला सूत्राचं रूपही दिलं होतं. आकडे खोटे नव्हते. पण शिकवता शिकवता हाऊओफांचं लक्ष समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांकडे गेलं. आपलं घर, आपलं गाव, आपला देश यांना भविष्यच नाही असं आपल्याच मास्तरांच्या तोंडून ऐकणारी ती मुलं होती.

1993 च्या मार्चमध्ये ते हवाईच्या मोठ्या बेटावर व्याख्यानांसाठी गेले. कोनाहून हिलोला जाताना वाटेत लाव्हाने माखलेली जमीन लागते. ज्वालामुखीतून बेट अजूनही वाढतं आहे, समुद्रात नवी जमीन घालतं आहे, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्या प्रवासात जो विचार पक्का झाला, त्यातून ‘अवर सी ऑफ आयलंड्स’ हा निबंध झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बेटं लहान ठरतात ती फक्त जमीन मोजणाऱ्याच्या हिशेबात. पूर्वजांच्या हिशेबात समुद्र धरलेला होता. समुद्र हे त्यांचं घर होतं, येण्याजाण्याची वाट होती, सोयरिकीची नि देवाणघेवाणीची जागा होती. साम्राज्यांनी एकोणिसाव्या शतकात नकाशावर रेघा ओढल्या आणि त्यानंतर माणसं आपापल्या बेटावर कोंडली गेली. विसाव्या शतकात विमानं आली, तशी साधी माणसं पुन्हा निघाली. ऑकलंडला, सिडनीला, कॅलिफोर्नियाला. अर्थशास्त्रज्ञांना यात परावलंबन दिसलं. हाऊओफांना त्यात बर्कलीत राहणारा, फिजीहून कावा नेऊन तिकडच्या बेटकरांना विकणारा टोंगन माणूस दिसला. जुन्या दर्यावर्द्यांचाच धंदा तो नव्या वाहनाने करत होता.

या निबंधातल्या आशेवर टीका झाली. समुद्र कितीही मोठा म्हटला तरी कर्ज फिटत नाही, असं काहींचं म्हणणं पडलं, आणि ते खोडून काढण्यासारखं नाही. पण शिक्षकाने आपल्या शिकवण्याचा मुलांवर काय परिणाम होतो हे पाहून स्वतःचा विषयच पुन्हा तपासला, हे मला त्या वादापेक्षा मोठं वाटतं. आपल्या विद्यापीठांमध्ये हे किती वेळा घडतं? 1997 मध्ये हाऊओफांनी लौथाला कॅम्पसवर ओशियानिया सेंटर सुरू केलं. तिथे पदवी असलेला चित्रकारच हवा अशी अट नव्हती. बेटाबेटांवरचे चित्रकार, मूर्तिकार, नर्तक, गाणारे तिथे येऊन काम करत. 2009 च्या जानेवारीत सुवातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्याच पिढीच्या, टोंगाच्या कवयित्री कोनाई हेलू थामान या तिथल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक. शिकवणं म्हणजे काय, हे त्यांनी टोंगातल्या ‘काकाला’ या सुगंधी फुलांच्या हाराच्या आधाराने मांडलं: आधी फुलं निवडून खुडायची, मग ती ओवायची, आणि झालेला हार स्वतः न घालता दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. ही मांडणी आज पॅसिफिकभरच्या संशोधनात वापरली जाते.

अळूवरचा करपा

आलाफुआ कॅम्पस हे शेतीचं. सामोआतली सर्वांत महत्त्वाची शेती टारोची, आणि टारो म्हणजे आपलं अळूच. आपण पानांचं फदफदं करतो, वड्या करतो. सामोआत रोजचं पोट भरतं ते कंदावर. लग्न असो, मयत असो, चर्चचा सण असो, टारोशिवाय पान वाढलं जात नाही. न्यूझीलंडला गेलेले सामोअन लोक तिथेही टारो मागत, त्यामुळे निर्यातही मोठी.

1993 मध्ये या पिकावर करपा आला. पानावर आधी पाणी सांडल्यासारखा तपकिरी डाग, मग तो पसरत जातो आणि काही दिवसांत पान गळून पडतं. पानं गेली की कंद पोसत नाही. सामोआच्या शेतकऱ्यांनी सगळीकडे जवळपास एकच जात लावलेली होती. बाजारात तिलाच भाव होता. ती जात करप्यापुढे टिकली नाही आणि वर्षाभरात निर्यात जवळपास संपली.

आलाफुआच्या शास्त्रज्ञांनी पलाऊ, मायक्रोनेशिया इथून करपा सोसणाऱ्या जाती आणल्या, पुढे आग्नेय आशियातल्याही, आणि सामोआच्या जातींशी त्यांचे संकर केले. इथवरचं काम कुठलंही कृषी विद्यापीठ करेल. पुढचं सगळीकडे होत नाही. रोपं प्रयोगशेतात अडकवून न ठेवता ती शेतकऱ्यांच्या शेतांत गेली. लावणारे, निवडणारे, टाकून देणारे शेतकरीच. त्यांचा एक गट बांधला आणि निवडीचा अधिकार त्याला दिला. करपा सोसणारी जात शास्त्रज्ञाला पुरेशी वाटली, तरी कंद शिजवल्यावर चिकट होतो का, चव कशी लागते, हे पाहूनच शेतकरी ती ठेवत. आज सामोआत टारो पुन्हा पिकतं, परदेशीही जातं. ज्या जाती टिकल्या त्या जिभेच्या परीक्षेतूनही उतरलेल्या आहेत.

फिजीत असंच काम समुद्रात झालं. मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वेराटा नावाच्या मुलखात उथुनिवानुआ हे गाव आहे. 1990 च्या दशकात तिथे काइकोसो या शिंपल्या मिळेनाशा झाल्या. बायका चिखलात तासन् तास चाचपडत आणि टोपली अर्धीच भरे. वेराटाच्या सरदारांचा मुलगा तेव्हा सुवाच्या विद्यापीठात शिकत होता. त्याने आपल्या प्राध्यापकांना विचारलं, गावासाठी काही करता येईल का? बिल आल्बर्सबर्ग आणि अलिफेरेती तावाके यांच्यासारखी विद्यापीठाची माणसं गावात गेली, बैठका झाल्या, आणि 1997 मध्ये गावाने किनाऱ्यालगतचा 24 हेक्टरांचा पट्टा शिंपल्या काढायला बंद केला. बंदी हा प्रकार गावाला नवा नव्हता. सरदार वारला की मासेमारीचं पाणी शंभर रात्री बंद ठेवायचं, ही जुनी रीतच होती. विद्यापीठाने त्यात मोजणी आणली. ओहोटीला दोरी ताणायची, ठरावीक पावलांवर चौकट टाकायची, चौकटीतल्या शिंपल्या हाताने काढून मोजायच्या, आकार बघून वहीत लिहायच्या आणि परत चिखलात सोडायच्या. हे सगळं गावकऱ्यांनी शिकून घेतलं. काही वर्षांत बंद पट्ट्यात शिंपल्या कितीतरी पटींनी वाढल्या आणि त्यांची पिल्लं शेजारच्या खुल्या पाण्यातही पसरली. वहीतले आकडे गावाचेच असल्यामुळे बाहेरच्या कुणी पटवून द्यायची गरज उरली नाही. शेजारची गावं बघायला आली, त्यांनीही पट्टे बंद केले, आणि आज फिजीत शेकडो गावं अशा रीतीने आपलं पाणी राखतात. 2002 मध्ये या गावांच्या जाळ्याला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

14 मे

बारा मालकांपैकी फिजी सर्वांत मोठा. मुख्य कॅम्पस तिथे, सर्वांत जास्त विद्यार्थी तिथले, पैशाचा मोठा वाटाही त्याचाच. त्यामुळे फिजीतली वादळं विद्यापीठावर आदळतातच.

या वादळांची गोष्ट 14 मे 1879 पासून सुरू होते. त्या दिवशी लिओनिडस हे जहाज हिंदुस्थानी मजुरांना घेऊन फिजीला लागलं. 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांत राबायला नेली गेली. पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे त्यांच्या तोंडच्या ‘गिरमिट’वर. ही प्रथा बंद करा असा ठराव मार्च 1912 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला, पण प्रथेचा शेवट तिथून जवळ आला. या गिरमिटियांच्या नातवंडांना उच्च शिक्षणाचं दार उघडलं ते सुवाच्या विद्यापीठाने. लाबासाजवळच्या ऊसकरी गावातून आलेले ब्रिज लाल इथेच शिकले आणि गिरमिटियांचे इतिहासकार झाले. कलकत्त्याच्या बंदरातल्या नोंदी चाळून, कोण माणूस कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या जातीतून आला, हे त्यांनी मांडलं. इथले प्राध्यापक सुब्रमणी यांनी 2001 मध्ये ‘डउका पुराण’ ही कादंबरी फिजी हिंदीत लिहिली. शिकल्यासवरल्यांनी अशुद्ध ठरवलेली, मळ्यांत घडलेली ही बोली. कादंबरी देवनागरीत छापली आहे, त्यामुळे मराठी वाचकालाही ती थेट वाचता येईल. जरूर वाचावी.

14 मे 1987 रोजी, लिओनिडस लागल्याला बरोबर 108 वर्षं झाली त्या दिवशी, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका सैनिक घेऊन फिजीच्या संसदेत शिरले. तिमोथी बावाद्रांचं महिनाभराचं सरकार गेलं, कारण त्यात भारतीय वंशाच्या मंत्र्यांना बरोबरीची जागा होती. बंदी झालेल्या मंत्र्यांत तुपेनी बाबा आणि सत्येंद्र नंदन हे विद्यापीठातले दोन प्राध्यापक होते. एक मूळचे फिजियन, दुसरे गिरमिटियांचे वंशज. त्यानंतर भारतीय वंशाची माणसं हजारोंनी देश सोडून गेली. 2000 मध्ये पुन्हा उठाव झाला, 2006 मध्ये पुन्हा. लष्करी राजवटीवर टीका केली म्हणून 2009 मध्ये ब्रिज लाल यांना हद्दपार केलं गेलं. ते परत आपल्या गावी राहू शकले नाहीत. 2021 मध्ये ब्रिस्बेनला वारले.

त्याच 2021 च्या 3 फेब्रुवारीच्या रात्री पोलीस आणि इमिग्रेशनचे अधिकारी विद्यापीठाचे कुलगुरू पाल अहलुवालिया यांच्या घरी आले. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला गाडीत घालून रातोरात नांदी विमानतळावर नेलं आणि सकाळच्या विमानाने ऑस्ट्रेलियाला पाठवलं. व्हिसाच्या अटी मोडल्या, असं सरकारचं म्हणणं. पण आधीच्या कारभारातल्या आर्थिक गैरव्यवहारांवर अहलुवालियांनी 2019 मध्ये बोट ठेवलं होतं आणि तेव्हापासून फिजी सरकारने विद्यापीठाचं अनुदान रोखून धरलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एखाद्या देशाच्या स्वतःच्या विद्यापीठात असा कुलगुरू संपला असता. इथे मालक बारा होते. कौन्सिलने अहलुवालियांना नवा करार दिला आणि काम नाऊरूतून करा म्हटलं. जेमतेम 21 चौरस किलोमीटरचा नाऊरू! पुढे ते सामोआतल्या कॅम्पसवर बसले. फिजीने कोट्यवधी डॉलर थकवले, विद्यापीठ हलाखीत गेलं, पण मोडलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये फिजीत सत्ताबदल झाला. बंदी उठवली ती पंतप्रधान झालेल्या सितिवेनी राबुकांनी, 1987 च्या त्याच राबुकांनी. सगळं मग सुरळीत झालं असं नाही. 2024 मध्ये याच कुलगुरूंविरुद्ध कर्मचाऱ्यांच्या संघटना संपावर गेल्या. पण विद्यापीठातलं भांडण विद्यापीठात लढलं गेलं. मध्यरात्रीची गाडी त्यासाठी आली नाही.

पोर्ट व्हिला ते हेग

कायद्याचं शिक्षण वानुआतूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलाच्या एमालस कॅम्पसवर. मार्च 2015 मध्ये पाम चक्रीवादळाने हा देश झोडपून काढला होता. घरं, शाळा, शेतं, सगळं. त्यानंतर चार वर्षांनी, 2019 मध्ये, आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याच्या वर्गात आठ देशांची 27 मुलं बसली होती. हवामान बदलाविरुद्ध कायद्याने काय करता येईल, हा अभ्यासाचा प्रश्न. मुलांनी सुचवलेला मार्ग असा: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून सल्लागार मत घ्यायचं. हवा तापवणाऱ्या देशांची कायदेशीर जबाबदारी काय, आणि ती पाळली नाही तर परिणाम काय?

वर्गात असे कागद बरेच लिहिले जातात, गुण मिळतात, कागद फडताळात जातो. या मुलांनी तो पॅसिफिकच्या सरकारांना पाठवला. त्यासाठी संघटना काढली. सॉलोमन बेटांचा सॉलोमन येओ, तिथलीच सिंथिया हौनिउही, पुढे फिजीचा विशाल प्रसाद, अशी तरुण माणसं वर्षानुवर्षं तो प्रश्न घेऊन दारोदार फिरली. वानुआतूच्या सरकारने तो उचलला. सल्लागार मत मागायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव हवा. 29 मार्च 2023 रोजी तो एकमताने मंजूर झाला. 132 देशांनी तो मिळून मांडला होता.

डिसेंबर 2024 मध्ये हेगला सुनावणी झाली. 96 देश आणि 11 आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. त्या न्यायालयाच्या इतिहासात इतक्या पक्षांनी कधीच भाग घेतला नव्हता. हौनिउही न्यायाधीशांपुढे उभी राहिली तेव्हा तिच्या कपाळावर आपल्या बेटाचं शिंपल्यांचं शिरोभूषण होतं. भारतानेही बाजू मांडली: आधीचे हवामान करार पुरेसे आहेत, न्यायालयाने नवी बंधनं घालू नयेत, आणि ऐतिहासिक जबाबदारी श्रीमंत देशांची आहे. त्यातलं शेवटचं म्हणणं खरं आहे. पण लांबलचक किनारा असलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाने त्या दिवशी मनाने पोर्ट व्हिलाच्या मुलांच्या बाकावर बसायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं. सुनावणी 13 डिसेंबरला संपली. 17 तारखेला 7.3 तीव्रतेच्या भूकंपाने पोर्ट व्हिला हादरलं. शहराच्या मध्यभागातल्या इमारती कोसळल्या, माणसं गेली.

23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने मत दिलं, तेही एकमताने. हवामानाचं रक्षण करणं देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते केवळ हवामान करारांमधून येत नाही. रूढ आंतरराष्ट्रीय कायदा, समुद्राचा कायदा, मानवी हक्क या सगळ्यांतून येतं. दीड अंशाची मर्यादा हेच लक्ष्य धरावं. कर्तव्य मोडणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याने गैर कृत्य ठरतं आणि नुकसानभरपाईचा प्रश्नही त्यातून उभा राहू शकतो. मत सल्लागार असल्यामुळे कुणावर थेट बजावणी होणार नाही. पण यापुढे कुठल्याही देशाच्या कोर्टात हवामानाचा खटला उभा राहिला, तर वकिलाच्या हाती हा कागद असेल.

त्याच मतात बेटांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. समुद्र चढल्यामुळे किनारा मागे गेला तरी एकदा आखलेल्या सागरी हद्दी बदलायला देश बांधील नाहीत. आणि जमीन गेली म्हणून राष्ट्र आपोआप नाहीसं होतंच असं नाही.

तुवालूत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. नऊ बेटं, 26 चौरस किलोमीटर, अकरा हजारांच्या आसपास माणसं, सर्वांत उंच जागा समुद्रापासून पाचेक मीटर. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली करारानुसार दर वर्षी 280 तुवालूवासीयांना तिथे कायम राहायला जाता येतं. 2025 मध्ये पहिल्यांदा सोडत निघाली, तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांनी नावं नोंदवली. पण तुवालू हा विद्यापीठाच्या बारा मालकांपैकी एक आहे, आणि तिथे फुनाफुटीला विद्यापीठाचं कॅम्पस आहे. मालक देशातल्या विद्यार्थ्याला फी कमी, परदेशी विद्यार्थ्याला जास्त, असा विद्यापीठाचा नियम. उद्या तुवालूचं मूल मेलबर्नच्या उपनगरात वाढलं, तर त्याला कुठली फी लावायची? त्याच्या आजीची बोली त्याला कुणी शिकवायची? हे कौन्सिलला ठरवावं लागेल. हाऊओफांनी बर्कलीतल्या टोंगन माणसाला बेटकरच धरलं होतं. कौन्सिलनेही त्या मुलाला तसंच धरावं, घरच्या फीने घ्यावं, आणि त्या बैठकीत तुवालूची खुर्ची मालकाचीच असावी.